टीबी नसेल तर काय?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये कबुतरांना चारा भरवण्याचा एक धंदा होता. विक्रीसाठी आणलेली कबुतरे लवकर पुष्ट व्हावीत म्हणून ही माणसे धान्य आणि पाणी स्वतःच्या तोंडात धरत, पाखराची चोच उघडत आणि तो घास थेट त्याच्या घशात सोडत. दिवसभर हेच काम. काही वर्षांत त्यांना खोकला जडे, बेडक्यातून रक्त पडे, वजन उतरे, संध्याकाळी कणकण येई. कुणीही क्षय म्हणावे अशीच ही लक्षणे. पण १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, त्यामुळे बेडका काचपट्टीवर घेऊन तो जंतू शोधण्याची सोय झाली होती. या माणसांच्या बेडक्यात तो मिळेना. १८९० मध्ये द्यूलाफॉय, शांतमेस आणि विदाल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी तिथे ॲस्परजिलस नावाची बुरशी दाखवली आणि आजाराला ‘बुरशीचा खोटा क्षय’ अशा अर्थाचे नाव दिले. लुई रेनाँ यांनी १८९७ मध्ये या आजारावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. माणसांचे केस विंचरून विकणारे कामगारही त्याच रोगाला बळी पडत असल्याचे तेव्हा लक्षात आले होते. केसांचा तेलकटपणा जावा म्हणून ते त्यांना राय नावाच्या धान्याचे पीठ चोळत, आणि त्या पिठातून बुरशी उडे.

फुफ्फुसात बुरशी दिसली ती याच्याही आधी. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्ये आणि जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये तिची वर्णने केली होती. तरीही या विषयाची ओळख करून द्यायला मला कबुतरवाल्यांचीच गोष्ट सोयीची वाटते, कारण पुढची सव्वाशे वर्षे ती थोड्याफार फरकाने घडतच आली आहे. माणूस खोकतो, एक्स-रेत डाग दिसतो, डॉक्टर क्षय म्हणतात, औषधे सुरू होतात, आणि बऱ्याच उशिरा कुणाला तरी शंका येते. फुफ्फुसांच्या बुरशीजन्य आजारांचा अभ्यास क्षयाच्या सावलीत जन्मला आणि भारतात तर तो अजून त्या सावलीतून पुरता बाहेर आलेला नाही. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत. अशा ठिकाणी खोकणाऱ्या माणसाबाबत आधी क्षयाचा विचार करणे योग्यच आहे. अडचण होते ती विचार तिथेच थांबला की. हे पुस्तक त्या थांब्याच्या पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे: वैद्यकाचे विद्यार्थी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आणि घरातल्या कुणाच्या आजारामुळे हे शब्द नव्यानेच ऐकावे लागलेले वाचक.

आधी बुरशीविषयी थोडे. ॲस्परजिलस फ्यूमिगेटस ही या क्षेत्रातली प्रमुख बुरशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर, उकिरड्यावर, कंपोस्टच्या खड्ड्यात, भिजलेल्या कडब्यावर, ओल चढलेल्या भिंतीवर वाढते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे नाकाची चाळणी आणि श्वासनलिकांची वळणे चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतील इतके बारीक असतात. आपल्यापैकी प्रत्येक जण असे काहीशे बीजाणू रोज श्वासाबरोबर आत घेतो. त्यांतले बरेचसे श्वासनलिकांच्या अस्तरावरची सूक्ष्म लव चिकट द्रवासकट वर ढकलून देते, आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. जे खाली उतरतात त्यांना वायुकोशांत गस्त घालणाऱ्या भक्षकपेशी गिळतात. त्यांतूनही एखादा बीजाणू वाचला आणि अंकुरला, तर रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब २००९ मध्ये प्रकाशात आली. निद्रिस्त बीजाणूभोवती जलरोधी प्रथिनाचा एक थर असतो आणि तो असेपर्यंत शरीराला बीजाणूची दखलच घ्यावीशी वाटत नाही. अंकुरताना हा थर फाटतो, आतली साखरेच्या साखळ्यांची भिंत उघडी पडते, आणि मगच संरक्षणव्यवस्था जागी होते. दिवसाला शेकडो बीजाणू आत येत असताना प्रत्येकावर धावून जाणारे फुफ्फुस सतत सुजलेलेच राहिले असते, तेव्हा ही बेफिकिरी दोघांच्याही सोयीची आहे.

बहुतेक बुरश्यांना आपल्या शरीराची ऊब सोसत नाही. वर्णन झालेल्या बुरश्या लाखाच्या वर आहेत, पण माणसाला आजारी पाडणाऱ्या काहीशेच. याचे एक मोठे कारण ३७ अंश सेल्सिअस हे तापमान. ॲस्परजिलस फ्यूमिगेटस मात्र तापलेल्या कंपोस्टच्या ढिगात पन्नास अंशांनाही टिकते, तिला आपला ताप म्हणजे काहीच नाही. ती माणसासाठी घडलेली नाही. तिचे सगळे आयुष्य कुजक्या पाल्यावर जाते आणि फुफ्फुसात ती पोचते ती अपघाताने. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही, ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवी. क्षयाच्या धसक्याने भांडी वेगळी केलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत.

म्हणून या विषयात शिरताना बुरशीपेक्षा तिला श्वासात घेणाऱ्या माणसाकडे आधी पाहावे लागते. ॲस्परजिलसचा एकच बीजाणू दम्याच्या रुग्णात एक आजार घडवतो, जुना क्षय होऊन गेलेल्या फुफ्फुसात दुसरा, आणि रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्यात तिसरा. या तिन्हींची लक्षणे, तपासण्या आणि उपचार इतके वेगळे आहेत की एका नावाखाली शिकवले तर विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. पहिल्यात शरीराची प्रतिक्रिया आवरण्यासाठी स्टेरॉइड देतात. तिसऱ्यात हेच स्टेरॉइड रुग्णाला संकटात टाकू शकते. बुरशी मात्र तीच.

पहिला आजार ॲलर्जीचा. इंग्लंडमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी १९५२ मध्ये त्याचे वर्णन केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्याकडचे डॉक्टरही त्याला एबीपीए म्हणतात. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकांत चिकट कफ साठतो, त्यात बीजाणू अंकुरतात, पण तंतू फुफ्फुसाच्या ऊतीत घुसत नाहीत. शरीर मात्र जणू हल्ला झाल्यासारखे वागते. रक्तातले आयजीई नावाचे प्रतिपिंड प्रचंड वाढते, श्वासनलिका सुजतात, कफाचे तपकिरी, रबरासारखे घट्ट खडे अडकून बसतात, आणि वर्षानुवर्षे हे चालले की नलिका कायमच्या रुंदावतात. एक्स-रेत डाग दिसतो, काही आठवड्यांनी तो नाहीसा होतो आणि दुसरीकडे उगवतो. डाग जागा बदलतो, हीच त्याची खूण. पण रुग्ण दर वेळी वेगळ्या डॉक्टरकडे जात असेल, आणि जुने एक्स-रे पिशवीत घालून आणत नसेल, तर ही खूण कुणाला दिसणार? मग डाग पाहून टीबीचा कोर्स सुरू होतो. दोन-दोन कोर्स झालेले एबीपीएचे रुग्ण भारतातल्या वैद्यकीय लिखाणात पुन्हापुन्हा भेटतात. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या गटाने २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात या आजाराचे सुमारे १३.८ लाख रुग्ण असावेत. अंदाजच तो, आणि गृहीतकांवर उभा. पण आकडा निम्म्यावर आणला तरी हा आजार दुर्मीळ म्हणता येणार नाही. दमा औषधांनीही आटोक्यात येत नसेल तर ॲस्परजिलसविरुद्धचे आयजीई तपासावे, ही साधी सवय लागली तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा आजार, जुनाट ॲस्परजिलोसिस, आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. क्षय बरा होतो, पण फुफ्फुसात कधीकधी पोकळी मागे ठेवून जातो. ती पोकळी म्हणजे जुन्या वाड्यातली बंद खोली: वारा जेमतेम, झाडलोट नाही, आणि एकदा शिरलेले बाहेर पडत नाही. तिथे बीजाणू रुजतो. वर्षानुवर्षे तंतू, मेलेल्या पेशी आणि कफ यांचा गोळा तयार होतो, पोकळीची भिंत जाड होते, शेजारी नव्या पोकळ्या पडतात. रुग्णाला पुन्हा खोकला, थकवा, वजन घटणे, आणि मुख्य म्हणजे बेडक्यातून रक्त. घरचे म्हणतात, ‘टीबी उलटला.’ डॉक्टरही बहुधा तेच म्हणतात. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस क्षयातून बरे झालेले, पण अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेले ५४४ रुग्ण तपासले गेले. सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. हे निष्कर्ष पन्नासहून अधिक वर्षे छापील स्वरूपात पडून आहेत. चंदीगडच्याच गटाचा अंदाज असा की २०११ मध्ये भारतात या जुनाट आजाराचे सुमारे २.९ लाख रुग्ण होते.

असे असूनही क्षयाचा कोर्स संपलेल्या रुग्णाला ‘आता तुम्ही बरे झालात’ यापलीकडे काही सांगितले जात नाही. कोर्स पुरा झाला की नोंदवहीतले पान पुरे होते. फुफ्फुस त्यानंतरही तसेच पोकळ राहते. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम नव्या औषधाचे नसून या रुग्णांकडे परत पाहण्याचे आहे. रक्त पडते, पण जनुकीय चाचणीत क्षयाचा जंतू मिळत नाही, आणि एक्स-रेत जुनी पोकळी आहे: एवढे तीन धागे जुळले की ॲस्परजिलसविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडाची चाचणी करायला हवी. ती महागडी दुर्बीण-तपासणी नाही, साधी रक्ततपासणी आहे. उपचार लांबलचक असतात. चंदीगडला झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इट्राकोनाझोल सहा महिने घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला. बारा महिने घेतलेल्यांत हेच प्रमाण १० टक्के होते. रक्त फार पडले तर रक्तवाहिनी आतून बंद करावी लागते, क्वचित शस्त्रक्रियाही.

इथे एक धोका आहे आणि तो नवख्या डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात पाठ करावा. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध यकृतातली विकरे इतकी चेतवते की इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल रक्तात टिकतच नाहीत. ‘टीबी असो की बुरशी, दोन्हींची औषधे देऊन पाहू’ हा मध्यममार्ग सुरक्षित वाटतो, पण त्यात बुरशीवरचा उपचार केवळ कागदावर राहतो. उलट दिशेने, इट्राकोनाझोलमुळे काही स्टेरॉइडे शरीरात साचतात. दम्याचा रुग्ण ब्यूडेसोनाइडचा पंप ओढत असेल तर काही महिन्यांत त्याचा चेहरा सुजून गोल दिसू लागतो आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

तिसरा आजार वेगवान. रक्तातले न्यूट्रोफिल नाहीसे झाले की अंकुरलेल्या तंतूंना अडवायला कुणी उरत नाही. ते रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्तपुरवठा तुटतो, फुफ्फुसाचा तुकडा मरतो. सीटी स्कॅनवर गाठीभोवती धूसर वलय दिसते, पण तेही काही दिवसच. रक्तातल्या किंवा फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातल्या गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या शर्करेची चाचणी निदानाला मदत करते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्होरिकोनाझोल घेतलेल्यांपैकी ७०.८ टक्के रुग्ण बारा आठवड्यांनी जिवंत होते, जुन्या ॲम्फोटेरिसिन बीवरचे ५७.९ टक्के. त्यानंतर उपचारांचा क्रम बदलला. अलीकडे हा आजार कर्करोगाच्या वॉर्डाबाहेरही भेटू लागला आहे: अवयव बदललेले, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेले गंभीर फ्लूचे आणि कोविडचे रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले. रुग्णालयातच बांधकाम चालू असेल तर धुळीबरोबर बीजाणूही उडतात, हे प्रशासनाला पटवणे हेही या क्षेत्रातल्या माणसाचे काम आहे, आणि ते निदानापेक्षा सोपे नाही.

ॲस्परजिलसच्या पलीकडे मातीतल्या बुरश्यांचे एक वेगळे कुटुंब आहे. त्या ठरावीक प्रदेशांत राहतात आणि धडधाकट माणसालाही आजारी पाडतात. पनामा कालव्याचे काम चालू असताना, १९०५ च्या डिसेंबरात, सॅम्युअल डार्लिंग हे अमेरिकी डॉक्टर मार्टिनिकहून आलेल्या एका मजुराचे शवविच्छेदन करत होते. फुफ्फुसभर बारीक दाणे, अगदी पसरलेल्या क्षयासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या पोटात बारीक गोल कण दिसले. त्याआधी दोनच वर्षे काळा आजाराचे परजीवी लीशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी वर्णिले होते. डार्लिंगना हेही तसलेच काहीतरी वाटले आणि त्यांनी त्याला हिस्टोप्लाझ्मा म्हटले. ही बुरशी आहे हे रोशा लिमा यांनी १९१२ मध्ये ओळखले. पुढची तीसेक वर्षे हा आजार दुर्मीळ आणि प्राणघातक मानला गेला. मग अमेरिकेत एक कोडे पडले. मधल्या राज्यांतल्या हजारो तरुणांच्या फुफ्फुसांत चुन्याचे डाग होते, पण त्यांची क्षयाची त्वचाचाचणी कोरी यायची. १९४५ मध्ये नॅशव्हिलचे ख्रिस्टी आणि पीटरसन, तसेच कॅरोल पामर यांनी दाखवले की हे डाग हिस्टोप्लाझ्माचे आहेत, आणि बहुतेकांना हा आजार नकळत होऊन गेला आहे. क्षयाच्या आरोग्यधामांत वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या काही रुग्णांना क्षय नव्हताच, हेही मग उघड झाले. बुरशी कोंबड्यांच्या खुराड्यांखालच्या आणि वटवाघळांच्या गुहांमधल्या मातीत सापडली. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५४ मध्ये कोलकात्यातून झाली, आणि गंगेच्या मैदानातल्या मातीतूनही ही बुरशी पुढे वेगळी काढली गेली. तिकडच्या डॉक्टरांना ती परिचित आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला ती आठवायला रुग्णाचे गाव विचारावे लागते.

गाव, आणि प्रवासही. अमेरिकेत ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या जमिनीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. अर्जेंटिनातल्या अलेहांद्रो पोसादास यांनी १८९२ मध्ये एका सैनिकात तिचा आजार वर्णिला होता, आणि सान वाकिन खोऱ्यातल्या शेतमजुरांत तो इतका होई की त्याला ‘खोऱ्याचा ताप’ असेच नाव पडले. आता फीनिक्सला नोकरी करून पुण्याला परतलेला अभियंता फुफ्फुसावर डाग घेऊन आला तर तो कुठे राहत होता हे विचारल्याशिवाय निदान होणार नाही. न विचारणाऱ्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे.

क्रिप्टोकॉकस या यीस्टची जागा जरा निराळी. ती फुफ्फुसातून शिरते पण बहुधा मेंदूच्या आवरणात प्रकट होते, त्यामुळे छातीच्या डॉक्टरांच्या हातून निसटते. १९५५ मध्ये चेस्टर एमन्स यांनी ती कबुतरांच्या विष्ठेत दाखवली. तिची एक बहीण ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये निलगिरीच्या झाडांशी जोडली गेली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधले एच. एस. रंधावा आणि सहकारी यांनी ती जांभळासारख्या आपल्या झाडांच्या कुजलेल्या ढोल्यांतही शोधली. शहरात खिडकीखाली कबुतरांना दाणे टाकण्यावरून जे वाद होतात त्यात या यीस्टचे नाव येते. निरोगी माणसाला तिच्यापासून धोका थोडाच. कबुतरांच्या पिसांमुळे होणारी फुफ्फुसांची ॲलर्जी हा त्याहून खरा त्रास आहे, आणि तो संसर्ग नाही.

न्यूमोसिस्टिसला तर बुरशी म्हणून मान्यता मिळायलाच ऐंशीएक वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी शागास आणि कारिनी यांनी तिला पाहिले ते परजीवी समजून. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथाश्रमांत तिने कुपोषित तान्ही मुले मारली. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हा न्यूमोनिया झाल्याची छोटी बातमी आली. एड्सची ती पहिली छापील नोंद. १९८८ मध्ये जनुकांवरून सिद्ध झाले की ही बुरशी आहे. तरी तिच्या पेशीच्या आवरणात बुरश्यांचे नेहमीचे एर्गोस्टेरॉल नाही, त्यामुळे बुरशीवरची बहुतेक मोठी औषधे तिच्यावर चालत नाहीत आणि उपचार को-ट्रायमॉक्साझोल या जुन्या, स्वस्त गोळीने करावा लागतो.

२०२१ मधल्या म्यूकरच्या साथीविषयी महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. त्या उन्हाळ्यात देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर फिरले. आटोक्यात नसलेला मधुमेह, कोविड आणि हात सैल सोडून दिलेली स्टेरॉइडे ही त्या साथीची मुख्य कारणे. बहुतेकांच्या नाकाला, जबड्याला आणि डोळ्याला ही बुरशी भिडली. रक्तवाहिन्या तुंबून ऊती मरतात आणि काळ्या पडतात. फुफ्फुसांतला म्यूकर संख्येने कमी, पण अधिक घातक आणि ओळखायला अधिक अवघड. वर सांगितलेले व्होरिकोनाझोल त्याच्यावर निरुपयोगी आहे, त्यामुळे ॲस्परजिलस की म्यूकर हा प्रश्न इथे जीवनमरणाचा होतो. प्रयोगशाळेत त्याचे उत्तर तंतूंच्या रूपावरून मिळू शकते: ॲस्परजिलसचे तंतू बारीक, आडव्या भिंतींचे, लघुकोनात फाटे फुटणारे; म्यूकरचे रुंद, फितीसारखे, जवळपास बिनभिंतीचे.

औषधांच्या इतिहासात मातीच पुन्हा उपयोगी पडली. ॲम्फोटेरिसिन बी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९५०च्या दशकात मिळाले. ते प्रभावी होते, पण थंडी वाजून अंग थडथडायचे आणि मूत्रपिंडे बिघडायची. त्याला चरबीच्या सूक्ष्म पुटिकांत भरून सौम्य करण्याचे काम जगात जिथे झाले त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालयही आहे, डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी इथे देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन विकसित केले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या सुमारास एम. जे. थिरुमलाचार यांच्या गटाने त्याच घराण्यातले हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते काढले त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव आहे. फुफ्फुसांच्या आजारांत हॅमायसिनला पुढे जागा मिळाली नाही, पण या इतिहासातले पिंपरीचे पान मराठी वाचकाला माहीत असायला हवे असे मला वाटते.

ट्रायझोल गटातल्या औषधांची कहाणी अजून चालू आहे. इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल ज्या रासायनिक घराण्यातली, त्याच घराण्यातली हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल ही बुरशीनाशके नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीवर फवारतात. शेतातल्या ॲस्परजिलसला त्यांची सवय झाली की रुग्णालयातले औषधही तिच्यावर चालेनासे होते. हे आधी नेदरलँड्समध्ये लक्षात आले, आणि भारतातल्या मातीतूनही असे प्रतिरोधक वाण २०१२ पासून नोंदले गेले आहेत. द्राक्षबागाईतदाराला दोष देण्यात अर्थ नाही, भुरीने बाग गेली तर त्याचे वर्ष जाते. पण शेती आणि आरोग्य ही दोन खाती बुरशीविषयी एकमेकांशी बोलतात असे चित्र मला अजून दिसलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदा धोकादायक बुरश्यांची यादी काढली. एकोणीस नावे, आणि ॲस्परजिलस फ्यूमिगेटस सर्वांत वरच्या गटात. २०२४ मधला एक अंदाज जगात गंभीर बुरशीसंसर्गाचे दरवर्षी ६५ लाख रुग्ण आणि त्यांत ३८ लाख मृत्यू असे सांगतो, त्यांतले २५ लाख थेट बुरशीमुळे. ज्या देशांत तपासण्याच होत नाहीत तिथले आकडे अशा हिशोबात कसे धरायचे, याचा वाद आहे आणि तो रास्त आहे.

प्रयोगशाळेविषयी एक इशारा आत्ताच देतो. बेडक्याच्या कल्चरमध्ये ॲस्परजिलस वाढली म्हणजे आजार असतोच असे नाही. ती हवेतून पडलेली किंवा श्वासनलिकेत नुसती बसलेली असू शकते. कॅन्डिडा वाढली तर बहुतेक वेळा ती तोंडातली असते, फुफ्फुसातली नव्हे, आणि तिच्यापायी दिलेले औषध वाया जाते. उलट खऱ्या रुग्णाचे कल्चर कोरे येणेही नेहमीचे. म्हणून अहवालावर फक्त बुरशीचे नाव लिहून पाठवणारा तंत्रज्ञ आणि फक्त नाव वाचून औषध लिहिणारा डॉक्टर, दोघेही अर्धेच काम करतात. फोन उचलून एकमेकांशी बोलावे लागते. कुठलाही अभ्यासक्रम हे शिकवत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पुस्तक पानांच्या क्रमाने वाचायला हवे असे नाही. सामान्य वाचकाने जुनाट ॲस्परजिलोसिस आणि एबीपीए यांवरची प्रकरणे आधी वाचावीत, सूक्ष्मदर्शकाचे प्रकरण वगळले तरी चालेल. तंत्रज्ञांनी नेमके तिथूनच सुरू करावे. डॉक्टरांनी औषधांच्या परस्परपरिणामांचा तक्ता कापून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. रिफाम्पिसिनची ओळ ठळक छापली आहे. औषधांच्या मात्रा मात्र कुठेच दिलेल्या नाहीत. त्या वजन, यकृत, मूत्रपिंडे आणि सोबतची औषधे पाहून ठरतात, आणि मार्गदर्शक सूचनाही दर काही वर्षांनी बदलतात. मात्रा चालू वर्षाच्या सूचनेतूनच घ्याव्यात.